मुंढ्यातली चुणी आणि माझी कंबर: अकोट्याच्या ऑस्टिओपॅथी क्लिनिकमधल्या सहा खेपा

गेल्या नवरात्रात, अष्टमीच्या आदल्या दुपारी, चणियांचं, म्हणजे गरब्याच्या घेरदार घागऱ्यांचं, गाठोडं उचलायला वाकले ती सरळच होता येईना. सहा चणिये होते, एकेकाला नऊ मीटर घेर, वरून आरसे आणि कवड्या. गिऱ्हाईक दारात उभं. मी कटिंगच्या टेबलाला धरून तशीच ओणवी, आणि उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागपर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. दांडिया बाजारात 28 वर्षं बायकांचे कपडे शिवते मी. बडोद्यात नवरात्राच्या आधीचे दोन महिने शिवणाऱ्या माणसाला दिवस-रात्र कळत नाही. बारा-बारा तास मशीनवर, उजवा पाय मोटरच्या पायडलवर, मान खाली. कंबर त्याआधीही कुरकुरायची, पण बाम चोळून भागत होतं. त्या दिवसानंतर भागेना.

हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला, पायाची ताकद पाहिली आणि स्पष्ट सांगितलं की मणक्यांची थोडी झीज आहे, ती या वयात असतेच, ऑपरेशनचं काही कारण नाही. गोळ्या दिल्या, पट्टा दिला. जीव भांड्यात पडला. गोळ्या होत्या तोवर बरं वाटे, संपल्या की कळ परत हजर. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून एका ठिकाणी गेले, तिथे हाड बसवून देतात म्हणून. नाव घेत नाही. त्या माणसाने कंबर राहिली बाजूला, न विचारता माझी मान धरली आणि कडकन फिरवली. दोन दिवस मला गरगरत होतं. उठून बसले की भिंती फिरायच्या. मुलाने रात्री इस्पितळात नेलं. सुदैवाने काही निघालं नाही, पण तेव्हापासून कुणाचा हात मानेजवळ आला की माझे खांदे आपोआप वर चढायचे. हे आधी सांगते, कारण पुढे ज्या जागेबद्दल लिहिणार आहे तिथे मी किती भीत भीत गेले ते कळायला हवं.

हाताने हाडं-सांधे बघणं आमच्या भागाला नवीन नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आमच्याच दांडिया बाजारात आहे. राजरत्न माणिकराव तिथले. व्यायाम आणि मल्लखांबाइतकंच हाड बसवण्यातही त्यांचं नाव होतं, हे माझ्या वडिलांच्या पिढीत प्रत्येकाला ठाऊक. वडील सांगायचे, पोराचा हात मुरगळला की आधी तालमीत न्यायचा. त्यामुळे सुनेने 'ऑस्टिओपॅथी' (हाताने सांधे-स्नायूंवर उपचार करायची पद्धत) हा शब्द पहिल्यांदा काढला तेव्हा मला वाटलं, हाडवैद्यालाच नवं नाव दिलंय. तसं नाही हे पुढे कळलं, पण माझा अंदाज अगदीच चुकलाही नव्हता. ज्या माणसाने ही पद्धत काढली तो अँड्र्यू टेलर स्टिल अमेरिकेत गावोगाव हिंडायचा तेव्हा स्वतःला विजेच्या वेगाने हाड बसवणारा म्हणवत असे.

क्लिनिक पुलापलीकडे अकोट्यात. आमच्या बाजूने पुलावरच्या सोलर पॅनेलच्या छताखालून विश्वामित्री नदी ओलांडली की रिक्षाने दहा मिनिटं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या, आतल्या खोलीत एक रुंद टेबल, मणक्याचा प्लास्टिकचा सांगाडा आणि भिंतीवर तिथे तपासणाऱ्या तिशीतल्या बाईंची प्रमाणपत्रं. मी "डॉक्टर" म्हणून हाक मारली तर त्यांनी लगेच थांबवलं. "काकू, मी डॉक्टर नाही, ऑस्टिओपॅथ आहे. मला ताई म्हणा, नाहीतर नावाने हाक मारा. गोळी-औषध मी देत नाही. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली कुठली गोळी मी बंदही करायला सांगणार नाही." पहिल्या दोन मिनिटांत हे सांगणारं माणूस मला तरी आधी भेटलं नव्हतं. मी त्यांना ताईच म्हणू लागले.

पहिली खेप सव्वा तासाची. त्यातला निम्मा वेळ त्यांनी मला हातही लावला नाही, नुसतं विचारत होत्या. कळ कुठून कुठे जाते. खोकल्यावर वाढते का. रात्री झोपेतून उठवते का. वजन घटलंय का, ताप येतो का, कधी कॅन्सर झालाय का. लहानपणी कुठून पडलात का. बाळंतपणं कशी झाली. लघवी-संडासवरचा ताबा कधी गेला का, आणि बसताना जो भाग खुर्चीला टेकतो तिथे बधिर वाटतं का. हा शेवटचा प्रश्न ऐकून मी संकोचले. त्यांच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "काकू, याचं उत्तर 'हो' असतं तर मी तुम्हाला टेबलावर घेतलंच नसतं, आत्ताच्या आत्ता इस्पितळात पाठवलं असतं. तिथे मज्जारज्जूच्या खालच्या नसांचा गुच्छ दाबला गेलेला असू शकतो, आणि तेव्हा तास मोजायचे असतात." हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. कंबरदुखीचे पेशंट घरोघर आहेत आणि ही खूण फार थोड्यांना माहीत असते.

मग रक्तदाब, छोट्या हातोडीने गुडघ्यावर आणि घोट्यामागे ठोकून पाहणं, पाय सरळ ठेवून वर उचलून कळ येते का ते बघणं. हे सगळं डॉक्टरांनीही केलं होतं. त्यानंतर जे केलं ते माझ्या ओळखीचं निघालं.

त्यांनी मला उभं केलं, पाठमोरी, आणि पाच पावलं मागे जाऊन नुसत्या बघत राहिल्या. मी ट्रायलला आलेल्या बाईकडे बघते ना, अगदी तसं. कापडाला हात लावायचा नाही, आधी अंगावर कसं पडलंय ते पाहायचं. एक खांदा खाली आहे का, कंबरेची रेघ तिरकी आहे का, वजन कुठल्या टाचेवर आहे. मग जवळ येऊन दोन्ही अंगठे माझ्या कंबरेखालच्या दोन खळ्यांजवळच्या हाडांवर ठेवले आणि हळूहळू वाका म्हणाल्या. उजवा अंगठा डाव्याच्या आधी वर सरकला. ते मलाही जाणवलं. बसवून तेच पुन्हा. मग घोटे. डावा घोटा सहज वाकत होता, उजवा मात्र अर्ध्यात अडत होता. त्यांनी विचारलं, "उजव्या पायाने तुम्ही दिवसभर काय करता?" मी पायडल सांगितलं. त्या हसल्या नाहीत, की "बघा, सापडलं" असंही म्हणाल्या नाहीत. कागदावर लिहून घेतलं आणि पुढे बोटं पाठीवरून खाली नेत गेल्या, जशी मी मखमलीची लव कुठल्या बाजूला झोपते ते तळव्याने बघते. चार गोष्टी शोधतात म्हणाल्या: आतल्या मांसाचा पोत बदललाय का, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, हालचाल कुठे अडते, आणि दाबल्यावर कुठे दुखतं. नुसतं दुखणं हे या चारांतलं एकच. बाकीचे तीन पेशंटला सांगता येत नाहीत, ते हातालाच शोधावे लागतात.

आता ती चुणीची गोष्ट. ब्लाउजच्या मुंढ्यात चुणी पडली की नवशिकी मुलगी मुंढाच उसवायला घेते. माझ्याकडे शिकायला येणारी प्रत्येक जण हे करते. पण दोष मुंढ्यात नसतो. खांद्याचा उतार चुकीचा कापलेला असतो, नाहीतर पाठीत माया कमी पडलेली असते. ओढ तिथून येते, दिसते मात्र काखेत. मुंढा दहादा उसवला तरी चुणी जायची नाही. ताईंनी मणक्याचा सांगाडा हातात घेऊन मला माझ्या कंबरेचं सांगितलं तेव्हा मला तेच ऐकू आलं. छातीच्या शेवटच्या मणक्यापासून आणि कंबरेच्या मणक्यांपासून एक जाड स्नायू निघतो, पोटाच्या आतून खाली येतो आणि मांडीच्या हाडाला वर, आतल्या बाजूला चिकटतो. त्याचं नाव सोअस. बारा तास बसून तो आखडलेला. श्वासाच्या पडद्याचे पायही कंबरेच्या वरच्याच मणक्यांना बांधलेले. माझ्या खालच्या बरगड्या श्वास घेताना जवळजवळ हलतच नव्हत्या, कारण पुढे वाकून टाका बघताना मी श्वास रोखून धरते. हे मला 28 वर्षांत कळलं नव्हतं. आणि एक पाय कायम पायडलवर, म्हणून कमरेचा कटोरा एका बाजूला फिरलेला. कळ जिथे येते ती जागा या सगळ्यांच्या ओढीच्या शेवटी. "शक्यता अशी आहे," हे शब्द त्यांनी तीनदा वापरले. ठामपणे काही सांगितलं नाही, आणि म्हणूनच माझा विश्वास बसला.

या पद्धतीचा पायाच हा आहे. शरीर एक आहे, सुटे भाग नाहीत. रचना आणि काम एकमेकांवर अवलंबून असतात, एक बिघडलं की दुसरं बिघडतं. शरीराला स्वतःला सावरायची, भरून यायची ताकद असते. आणि उपचार या तिन्ही गोष्टी ध्यानात ठेवून करायचा. 1953 साली अमेरिकेतल्या कर्क्सव्हिलच्या ऑस्टिओपॅथी कॉलेजातल्या लोकांनी ही चार तत्त्वं नीट शब्दांत मांडली. पण विचार त्याहून जुना, स्टिलचा.

त्या माणसाची हकीकत मी ताईंकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकली आणि घरी येऊन सुनेकडून वाचून घेतली. जन्म 1828, मृत्यू 1917. स्वतः वैद्यकी करणारा. 1864 मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्याची तीन मुलं गेली. घरात डॉक्टर, आणलेले डॉक्टर, सगळे हात जोडून उभे. त्या काळची औषधं म्हणजे पाऱ्याची कॅलोमेल, दारू, रक्त काढणं. ज्याच्या घरातून तीन मुलं अशी जातात त्याने त्या औषधांवर विश्वास कसा ठेवायचा? त्याने दहा वर्षं हाडं, सांधे, शिरा यांचा अभ्यास केला आणि 1874 मध्ये जाहीर केलं की आपण वेगळी वाट धरतोय. रक्त नीट वाहिलं तर शरीर आपलं आपण सावरतं, वाहण्याच्या वाटेतला अडथळा हाताने दूर करायचा, हा त्याचा आग्रह. आज आपल्याला माहीत आहे की सगळे आजार काही अडलेल्या हाडांमुळे होत नाहीत, जंतूंवर औषध लागतं, आणि त्या बाबतीत त्याचं म्हणणं टिकलं नाही. पण 1892 मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावात त्याने शाळा काढली तेव्हा पहिल्याच वर्गात बायकांना घेतलं, हे वाचून मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. आमच्या आजीला त्या काळात अक्षरओळखही करून दिली नव्हती.

पुढे दोन फाटे फुटले. अमेरिकेत या शाळांमधून शिकलेले लोक आज पूर्ण डॉक्टर असतात, औषधं लिहितात, ऑपरेशनं करतात. स्टिलचा विद्यार्थी लिटलजॉन याने 1917 मध्ये लंडनला शाळा काढली, आणि तिकडे ते हाताने उपचार करणारेच राहिले. 1993 च्या कायद्यानुसार ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय कुणी स्वतःला ऑस्टिओपॅथ म्हणवू शकत नाही. हा फरक कळला की "ऑस्टिओपॅथ डॉक्टर असतो का?" या प्रश्नाला दोन उत्तरं का मिळतात तेही कळतं.

आता टेबलावरचं. मी अंग चोरूनच झोपले होते. ताईंनी सांगितलं की प्रत्येक गोष्ट करण्याआधी विचारीन, नको वाटलं तर "नको" म्हणायचं, कारण द्यायचं नाही. आणि खरंच सहा खेपांत एकदाही न विचारता हात लावला नाही.

पहिल्यांदा सोअसचं केलं. मी टेबलाच्या काठावर उताणी, डावा गुडघा छातीशी धरलेला, उजवा पाय काठावरून खाली लोंबता. त्यांचा हात माझ्या उजव्या मांडीवर. म्हणाल्या, "माझ्या हाताविरुद्ध मांडी वर ढकला, पण हळूच, ताकदीच्या चौथ्या हिश्श्याने." मी ढकललं. पाच सेकंद. "सोडा." सोडलं की मांडी आपोआप बोटभर खाली गेली. परत ढकला, परत सोडा. पाच वेळा. ज्या पायाला मी सात महिने ओढून ताणून बघत होते तो स्वतःच्या जोराने सैल झाला. घट्ट बसलेली शिलाई ओढून सुटत नाही, फाटते. एकेका टाक्याची वीण सैल करावी लागते. मला ते अगदी हातात समजलं.

मग कुल्ल्यातली ती जागा, जिथे बोट टेकवलं तरी मी ओरडायचे. तिथे त्यांनी दाबलं-चोळलं काहीच नाही. एक बोट नुसतं जागेवर, आणि दुसऱ्या हाताने माझा पाय इकडून तिकडे फिरवत विचारत राहिल्या, "आता किती दुखतं? दहापैकी?" आठ, सात, पाच. पाय मागे आणि जरा बाहेर नेल्यावर दोनवर आलं. तिथे धरून ठेवला. दीड मिनिट. खोलीत पंख्याचा आवाज फक्त. बोटाखालची गाठ हळूहळू विरघळत जाते असं वाटलं मला. मग पाय इतक्या हळू परत आणला की कधी टेबलावर टेकला कळलं नाही. हा प्रकार लॉरेन्स जोन्स नावाच्या अमेरिकन ऑस्टिओपॅथला 1955 मध्ये सापडला. त्याच्याकडे एक माणूस कंबर धरून आला होता, रात्री झोप नव्हती. काहीच लागू पडेना तेव्हा जोन्सने त्याला निदान झोप लागावी म्हणून ज्या स्थितीत कमी दुखतं त्या स्थितीत उशा लावून ठेवलं आणि दुसऱ्या पेशंटकडे गेला. परत येऊन उठवलं तर तो माणूस सरळ उभा राहिला. दुखण्याच्या विरुद्ध न ओढता त्याच्या बाजूने जायचं. ही गोष्ट ताई सांगत होत्या आणि मला, का कोण जाणे, रडू आलं. सात महिने प्रत्येकाने त्या जागेवर जोरच लावला होता.

कडकन आवाज काढायचं काय, असं मी विचारलंच. त्यांनी सांगितलं की तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा आवाज. हाड जागेवरून सरकलेलंच नसतं. तो प्रकार त्याही करतात, पण माझ्यावर केला नाही. कारण मानेचा प्रकार झाल्यावर चक्कर आलेली, म्हणून मानेला तसा झटका द्यायचाच नाही असं त्यांनी पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या असतात, झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडल्याच्या घटना क्वचित का होईना घडतात, आणि क्वचित म्हणून सोडून द्यायची ती गोष्ट नाही. आणि कंबरेलाही झटका नको, कारण माझं गर्भाशय अंडाशयांसकट 43 व्या वर्षी काढलेलं. "एवढ्या लवकर हार्मोन थांबले की हाडं विरळ होतात. आधी हाडांची घनता मोजून या. तोवर मी तुमच्या मणक्याला जोर लावणार नाही." डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून दिली. मी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घेतली. टी-स्कोअर उणे 1.9 निघाला. उणे 1 च्या खाली आलं की विरळ व्हायला लागली म्हणायचं, उणे 2.5 किंवा त्याच्याही खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. म्हणजे मी मधल्या पट्टीत. आता माझे डॉक्टर कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पुढची तपासणी बघत आहेत. ज्या बाईकडे मी कंबर चोळून घ्यायला गेले तिच्यामुळे माझी हाडं मोजली गेली. या एका चिठ्ठीसाठी मी त्या क्लिनिकला पाचपैकी पाच तारे द्यायला तयार आहे.

दुसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या मशीनचा फोटो मागवला, मी बसलेली असताना बाजूने काढलेला. पायडल उजवीकडे सरकवून ठेवलेलं होतं, स्टूल बुटकं. पायडल मध्यभागी आणायला लावलं, स्टुलावर चार बोटं जाडीची गादी, आणि एक तास झाला की उठून बॉबिनी भरायचं काम उभ्याने करायचं. घरी तीन व्यायाम. एका गुडघ्यावर बसून सोअसचा ताण, भिंतीला पाय लावून घोटा वाकवणं, आणि झोपून दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर ठेवून श्वास बाजूंना भरणं. हे केलं नसेल तर पुढच्या खेपेला सरळ विचारायच्या. ब्रिटनच्या 2016 च्या कंबरदुखीवरच्या सूचनांमध्येही हाताचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच सुचवलेत, नुसते नाही, असं त्यांनी सांगितलं. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण जन्मभर येत राहा असं म्हणणाऱ्या जागांची मला धास्ती आहे.

दहा आठवड्यांत सहा खेपा झाल्या. पहिलीचे 1,500 रुपये, पुढच्या प्रत्येकीचे 1,000, म्हणजे एकूण 6,500. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे पैसे कमी नाहीत. एका साध्या ब्लाउजच्या शिलाईशी मी त्याचा हिशेब घातला होता आणि दुसऱ्या खेपेनंतर जाऊ की नको असं झालं होतं. तिसऱ्या खेपेनंतर मांडीमागची कळ थांबली. पाचवीनंतर मी जमिनीवर बसून पूजा केली आणि कुणाचा हात न धरता उठले. सकाळी अजून कंबर धरते, पहिली दहा मिनिटं. यात हाताचा वाटा किती, स्टुलाचा किती, व्यायामाचा किती आणि नुसत्या दिवसांचा किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. ताईंनीही सांगितलं नाही. पुष्कळशा कंबरा आपोआप बऱ्या होतात हे त्यांनीच मला सांगितलं.

न पटलेलं एक लिहिते. बाहेरच्या खोलीत टेबलावर एक घडीपत्रक आहे. त्यात दमा, सायनस, पाळीचा त्रास, मूल रडतं, झोप लागत नाही, अशी लांबलचक यादी. माझ्या नणंदेने ते वाचून विचारलं की नातवाच्या रडण्यासाठी डोक्यावरून हलका हात फिरवण्याचा उपचार करून घेऊ का. मी ताईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की कवटीच्या हाडांची लय हाताने ओळखून ती सुधारायची ही कल्पना सदरलँड नावाच्या ऑस्टिओपॅथची, पण दोन तपासणाऱ्यांच्या हाताला तीच लय सारखी लागते असं दिसलेलं नाही, आणि उपयोगाचा पुरावाही कच्चा आहे. त्या स्वतः तो उपचार करत नाहीत. म्हणाल्या, "बाळ रडत असेल तर बाळांच्या डॉक्टरांकडे." उत्तर अगदी सरळ. मग ते पत्रक तिथे का ठेवायचं? आतल्या खोलीत "शक्यता" म्हणणाऱ्या बाईच्या बाहेरच्या टेबलावर असली यादी शोभत नाही. मी तोंडावर सांगितलं. शेवटच्या खेपेला पत्रकं तिथेच होती. ती काढावीत असं माझं मनापासून म्हणणं आहे, म्हणून इथेही लिहिते.

वेळेचंही. दोनदा मला पस्तीस-चाळीस मिनिटं थांबावं लागलं, कारण आधीच्या पेशंटला वेळ लागला. आत गेल्यावर माझाही वेळ त्या कापत नाहीत, त्यामुळे तक्रार करवत नाही, पण बाहेरच्या खुर्च्या इतक्या खोल आणि मऊ आहेत की कंबरदुखीच्या माणसाला त्यातून उठणं हीच शिक्षा. दोन सरळ लाकडी खुर्च्या ठेवाव्यात.

दुसरीकडे कुठे जाणार असाल तर शिक्षण विचारा, संकोच करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये घालून दिलेल्या मापाप्रमाणे नव्याने शिकणाऱ्याला 4,200 तासांचं शिक्षण हवं, त्यात निदान 1,000 तास देखरेखीखाली पेशंट तपासलेले हवेत. आपल्याकडे कटकजवळच्या श्री श्री विद्यापीठात याची पदवी आहे. शनिवार-रविवारचा कोर्स करून बोर्ड लावलेल्या माणसाच्या हातात मान देऊ नका. मी दिली होती.

आता श्रावण चालू आहे आणि चणियांच्या ऑर्डरी यायला लागल्या आहेत. या वर्षी मी नऊ मीटरचे दहाच घेतले. गाठोडी उचलायला शेजारच्या मुलाला रोज संध्याकाळी बोलावते. गर्दी सुरू व्हायच्या आधी एक खेप ठेवली आहे, भाद्रपदातल्या पहिल्या मंगळवारची.

क्लिनिकला लिफ्ट नाही, 22 पायऱ्या आहेत आणि कठडा डाव्या हाताला. ज्यांना चढवत नसेल त्यांनी आदल्या दिवशी फोन करून सांगावं, खालच्या मजल्यावरच्या दाताच्या दवाखान्याची मागची खोली सकाळी नऊच्या आधी मोकळी असते, तिथे ताई खाली येऊन तपासतात. शेजारच्या गल्लीत रिक्षा उभी राहते. मुख्य रस्त्यावर उतरलात तर दुभाजक ओलांडावा लागतो.